तांबडमाळच्या विहिरीचा दोर

तुम्ही ज्या विहिरीचं पाणी पिऊन वाढलात ती विहीर कुणाची, असं उद्या कुणी दारात येऊन विचारलं, तर तुम्ही काय सांगाल?

घाई करू नका. तांबडमाळच्या चार माणसांनी गेल्या उन्हाळ्यात चावडीत उभं राहून या प्रश्नाचं उत्तर दिलं. खरं उत्तर दिलं. आणि त्या खऱ्या उत्तराच्या जोरावर त्यांची विहीर बुजवायचा कागद तयार झाला.

त्या चौघांतल्या दोघांना मी भेटून आले, विहीरही पाहून आले. प्रवास चार दिवसांचा, आणि सगळा आपल्या जिल्ह्यातलाच. तरी तुमच्यापैकी कुणी तिकडं गेलं नसणार, कारण तिथं जायचं कारणच उरलेलं नाही. मोबाइलवर तांबडमाळ शोधलंत तर 'भुतांचं स्टेशन' म्हणून व्हिडिओ निघतात. एकात एक जण भर दुपारी उन्हात उभा राहून कुजबुजत बोलतो. आजूबाजूला कुणी नसताना हा कुजबुजतो कशासाठी? जिवंत माणसांच्या घरांना भुतांची घरं म्हणायची ही कसली करमणूक? मी त्या रागानं निघाले, हे आधीच सांगते.

आणखी एक सांगते. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडिलांचा कोल्हापुरात मंगळवार पेठेत लहानसा छापखाना. संपाची, मोर्चाची, पाणीटंचाईची पत्रकं छापून उरलेल्या कागदांवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळं कुठंही निघाले की पत्रक डोक्यात आधी तयार होतं आणि जागा नंतर दिसते. या वेळीही तसंच झालं. त्याची शिक्षा मला मलकापुरात मिळाली. ती ओघात येईलच.

माळावर

सोमवारी सकाळी स्कूटर काढली. सांगली रस्त्यावरून एका फाट्यानं आत वळलं की बराच वेळ दोन्ही बाजूंना ऊस. मग ऊस एकदम संपतो आणि तांबडा माळ चढायला लागतो. त्या माळातून एक बांध सरळ जातो. शेताचा बांध इतका सरळ कधीच नसतो, तो भावकीच्या भांडणांप्रमाणं वळतो. हा बांध रुळांचा होता. रूळ उचलून नेले, रुळांखालचे आडवे स्लीपर नेले, खाली अंथरलेली काळी खडी तेवढी राहिली. तिच्यावरून स्कूटर घालायचा शहाणपणा मी केला आणि पुढचं चाक बसलं. राहिलेलं अंतर मी गाडी ढकलत गेले. ज्या खडीसाठी ही वस्ती उभी राहिली, तिनंच माझं स्वागत केलं.

तांबडमाळला खाण होती. तिथला दगड फोडून खडी करायची, मालगाडीच्या वाघिणी भरायच्या आणि मोठ्या लाइनीला पाठवायच्या. त्यासाठी हा फाट्याचा रूळ टाकला. कामासाठी माणसं आली, माणसांसाठी दोन ओळी चाळी बांधल्या. सकाळ-संध्याकाळ एका डब्याची गाडी यायची. पुढं खडी यंत्रावर फुटायला लागली, ट्रकनं जायला लागली, आणि माझ्या जन्माच्या सुमारास हा फाटा बंद झाला. बदल्यांचे कागद आले आणि दोन महिन्यांत सगळी वस्ती पांगली.

आज तिथं बिनछपराच्या चाळींच्या दोन ओळी आहेत. गुडघ्याएवढा फलाट आहे. स्टेशनच्या पाटीचे दोन खांब आहेत, मधली पाटी नाही. आणि फलाटाच्या मागं विहीर आहे. काळ्या दगडाची, गोल, पक्क्या बांधणीची. रहाटाचे खांब रुळाच्या तुकड्यांचे. आत वाकून पाहिलं तर पाणी होतं. वर पानांचा थर, भिंतीच्या फटीतून फुटलेला एक पिंपळ, आणि पारव्यांची फडफड.

मी वाकलेली असतानाच मागं मोटारसायकल थांबली.

"पावणं, व्हिडिओ काढायला आलाय काय?"

हे खालच्या गावचे सरपंच. चाळिशीचे, पांढरा शर्ट, हातात फोन. माळावर कुणीतरी बाई गाडी ढकलत चाललीय, असं त्यांना उसातून कुणीतरी कळवलं होतं. मी व्हिडिओवाली नाही, लिहिणारी आहे, असं सांगितल्यावर त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि मग चाकाकडं पाहिलं. पंक्चरवाल्याला फोन लावला. तो येईपर्यंत आम्ही काठावर बसून भांडलो.

विहीर बुजवून त्या जागेवर ग्रामपंचायतीला गोदाम बांधायचं आहे. मी म्हणाले, पाणी असलेली विहीर बुजवणं हा गुन्हा वाटत नाही का तुम्हाला? ते म्हणाले, गेल्या साली यात कालवड पडली, काढायला गावातली आठ माणसं अर्धा दिवस लागली.

"हिथं माणूस न्हाय, मालक न्हाय. विहीर कुणासाठी ठेवू? आणि उद्या एखादं लेकरू पडलं, तर तूच माझ्या दारात येशील की, पत्रक घिऊन."

हे खोटं नव्हतं. मी तशी गेलेच असते.

मग त्यांनी फोनवर तो कागद दाखवला. चौकशीला वस्तीतले जुने चार जण हजर होते. प्रत्येकाला वेगळं विचारलं, विहीर तुमची का? चौघांनीही नाही म्हणून सांगितलं. खाली चार सह्या-अंगठे. म्हणून विहीर बेवारस, वापराविना, धोकादायक. महिनाअखेरीच्या ग्रामसभेत ठराव.

मी तो कागद तीनदा वाचला. जन्मभर ज्यांनी तिथलं पाणी प्यायलं ती माणसं नाही म्हणतात? कुणी धमकावलं होतं का? सरपंच हसले. म्हणाले, चहा देऊन विचारलं होतं. तुला खोटं वाटत असेल तर जा आणि विचार. चौघांतला एक म्हातारा पुण्याला मुलाकडं, एक अंथरुणाला खिळलेला. राहिले दोघं. एक जण कोडोलीत असतो, एक बाई मलकापुरात.

कोडोली

बाबूमामा की-मन होते. त्यांच्या बोलण्यात 'चावीवाला'. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्यात का, ते रोज सगळी लाइन चालत जाऊन बघायचं, हातोड्यानं ठोकायचं आणि चालतच परत यायचं. आता ते लेकीकडं राहतात आणि सत्तरीतही रोज सकाळी चालतात. मी पोचले तेव्हा निघालेलेच होते. बसायला तयार नव्हते. बोलायचं तर चालत बोल, म्हणाले.

मी बरोबर चालायला गेले आणि दहा पावलांतच ठेचकाळले. त्यांची पावलं तोकडी आणि सगळी अगदी एका मापाची. रस्ता सपाट, तरी पाऊल त्या मापाबाहेर पडत नाही. स्लीपरवरून चालून चालून पडलेली सवय. नजर सतत खाली, डाव्या कडेला. रस्त्यात पडलेला एक बोल्ट त्यांनी उचलला, पाहिला आणि खिशात टाकला. लेक म्हणते, घरात असे डबाभर आहेत.

विहिरीची गोष्ट त्यांनी मला चालता चालता सांगितली, आणि ती मी तुम्हाला जरा नीट लावून सांगते.

आधी तांबडमाळला विहीर नव्हती. पाणी इंजिन द्यायचं. वाफेच्या इंजिनाला पोटभर पाणी लागतं, त्यातलं ड्रायव्हर वस्तीला द्यायचे. गाडी आली की बायका घागरी घेऊन फलाटावर. बाळंतिणीच्या घरी तर इंजिनाचं गरम पाणी जायचं; माळावर जन्मलेल्या प्रत्येक लेकराची पहिली आंघोळ त्या पाण्यानं झालेली. मग डिझेलचं इंजिन आलं. सगळ्यांनी हार घातला, नारळ फोडला. आणि दुसऱ्या दिवशी बायका घागरी घेऊन फलाटावर उभ्या राहिल्या, तेव्हा लक्षात आलं की या इंजिनाजवळ द्यायला पाणीच नाही.

पाण्यासाठी खालच्या गावात जावं लागलं. गावच्या विहिरीवर रेल्वेकामगारांच्या गँगमधल्या काही घरांना चढू दिलं आणि काहींना दिलं नाही. का नाही, ते आपल्याला माहीत आहे. मी इथं ते सभ्य शब्दांत गुंडाळणार नाही. जात विचारली गेली. ज्यांना चढू दिलं होतं त्या घरांतल्या बायकांनी त्या दिवशी भरलेल्या घागरी विहिरीच्या काठावरच ओतल्या आणि रिकाम्या घेऊन वर आल्या. नंतर कुणीच खाली गेलं नाही; खाणीच्या खड्ड्यात साठलेल्या पाण्यावर भागवलं आणि स्वतःची विहीर खणायला घेतली. कामाच्या पहारी, कामाची घमेली, आणि सुट्टीचे दिवस. खाणीत दगड फोडणाऱ्यांना विहीर खणायला कोण शिकवणार? दुसऱ्या उन्हाळ्याच्या आत पाणी लागलं.

"आणि पहिल्याच दिवशी भांडण झालं," बाबूमामा म्हणाले.

मी थांबले. ते थांबले नाहीत, म्हणून मला पळावं लागलं.

भांडण तेच. खणताना एकत्र होते, पण पाणी काढायची वेळ आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, आधी आम्ही काढतो, मग तुम्ही. ज्यांनी खाली घागरी ओतल्या होत्या त्यांच्यातलंच कुणीतरी. हे बाबूमामांनी लपवलं नाही आणि मीही लपवत नाही. तेव्हा पॉइंट्समन रामाप्पा पुढं झाला. सांधे बदलणारा, गाडी सोडणारा माणूस. एकेरी लाइनीवर ड्रायव्हरच्या हातात गोळा पडल्याशिवाय गाडी हलत नाही; वेताच्या कड्यात अडकवलेला तो गोळा म्हणजे पुढं जायची परवानगी, आणि ती हातातून हातातच द्यायची. रामाप्पानं एक जुनं लोखंडी कडं विहिरीच्या दोराच्या टोकाला बांधलं आणि नियम सांगितला. दोर जमिनीवर ठेवायचा नाही. रहाटावर टाकून जायचं नाही. ज्यानं पाणी काढलं त्यानं तो पुढच्याच्या हातात द्यायचा. पुढचा कुणी का असेना. पुढचा नसेल तर तो येईपर्यंत धरून उभं राहायचं.

संध्याकाळी शेवटी जो पाणी काढेल, दोर त्याच्या घरी. सकाळी पहिल्यानं पाणी पाहिजे त्यानं त्याच्या दारात जाऊन मागायचा. म्हणजे दोर रोज वेगळ्या घरी झोपायचा. सगळ्या घरी.

आमच्या गल्लीत पाणी दोन तास येतं. नंबर लावायला कळशी ठेवतात, कळशी नसली तर वीट. विटेनं नंबर धरता येतो, म्हणून शेजारणीचं तोंड न बघता पाणी भरता येतं. तांबडमाळला वीट चालली नसती. हात लागायचा.

"मग तुम्ही चावडीत नाही का म्हणालात? विहीर तुमची नाही?"

बाबूमामा पहिल्यांदाच थांबले. मी काहीतरी घाण बोलले असावे तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"माझी कशी म्हणू? माझी म्हटलं की रामाप्पाच्या लेकीची न्हाय झाली की. आमच्यात कुणी जन्मात म्हटलं न्हाय तसं." मग पुन्हा चालायला लागत म्हणाले, "त्यानं इचारायचं हुतं, दोर कुणाकडं हाय. मग सांगितलं असतं."

चौघांना वेगळं वेगळं विचारलं होतं, आणि प्रत्येकानं नाही म्हणताना मनात बाकीच्या तिघांचा हक्क राखला होता. कागदावर त्याचं बेवारस झालं.

घरी परतल्यावर बाबूमामांच्या लेकीनं ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आंबट दही वाढलं. मी एवढी खवळले होते की चटणीचा तिखटपणा कळलाच नाही. दुसऱ्या घासाला कळला. दोर कुणाकडं आहे, हे मी विचारलं तेव्हा बाबूमामा बोल्टचा डबा बंद करत होते.

"अक्काकडं. मलकापुरात."

मलकापूर

कोडोलीहून मलकापूर म्हणजे दुसराच मुलूख. रत्नागिरी रस्त्याला लागलं की उजाड माळ मागं पडतो, भाताची खाचरं आणि झाडी सुरू होते, अंगाला ओल लागते. मी पोचले तेव्हा भुरभुर चालू होती. पाण्याला माणूस कंटाळेल अशा गावात शेवंताक्का पंचवीस वर्षं एका कोरड्या माळाचा दोर सांभाळतायत.

शेवंताक्का रामाप्पाची लेक. नवराही गँगमधला, तो गेला. बाजारपेठेच्या कडेला त्यांची चार बाकड्यांची खानावळ आहे, मुलगा चालवतो आणि त्या चुलीसमोरून हुकूम देतात. घराणं मूळचं सीमेकडचं, बोलण्यात अधूनमधून कानडी. मला आधी नाचणीची भाकरी आणि माशांचं कालवण... नाही, ते शेजारच्या बाकावरच्या माणसाला. या घरात मासे शिजवतात आणि स्वतः खात नाहीत. मला त्यांनी आपल्या ताटातलं वाढलं, झुणका आणि भात.

मग मी दोर पाहायला मागितला. तो आतल्या भिंतीवर, खिळ्यांवर, नीट वेटोळी घालून होता. सुताचा जाड दोर, हातांनी काळा पडलेला, टोकाला कडं. अक्कांनी दोन्ही हातांनी उतरवून माझ्या हातात दिला. मला फोटो काढायचा होता. मी दोर खाली फरशीवर ठेवला आणि खिशातून फोन काढला.

मुलगा भाकरी थापायचा थांबला. बाबूमामांनी मला तासभर तोच नियम सांगितला होता, मी तो वहीत लिहून घेतला होता, खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"उचल," अक्का म्हणाल्या.

मी उचलला. त्यांनी परत घेतला, पदरानं पुसला आणि मांडीवर घेऊन बसल्या. शेवटच्या दिवसाचं सांगायला लागल्या ते माझ्याकडं न बघता.

सामानाचा ट्रक भरून उभा होता. त्यांनी शेवटची घागर भरली आणि सवयीनं मागं वळून दोर पुढं केला. मागं कुणी नव्हतं. हाक मारली. बाकीची घरं गेली होती. ट्रकवाला भोंगा वाजवत होता.

"मागं कुणीच न्हाय म्हटल्यावर काय करायचं? खाली ठिवू? बापाचा नियम हाय. तशीच चढले ट्रकात."

तेव्हापासून तो पुढच्याला द्यायचा राहिलाय. मुलं म्हणतात, अक्का, बाजारात पाहिजे तेवढा दोर मिळतो, काय घेऊन बसलीस. अक्का म्हणतात, कुणाला दिला तरी खानावळीत दिलेला दोर नुसता दोरच राहतो. तो द्यायचा तर विहिरीवर, पाणी काढून. गुडघ्यांमुळं आणि कामामुळं आज-उद्या करता करता वर्षं गेली; चावडीत बोलावलं तेव्हा कशासाठी ते आधी कळलं नव्हतं, दोर घरीच राहिला. आता विहीरच बुजली तर दोर हातातच राहणार, मरेपर्यंत आणि नंतरही. त्या हे रडत सांगत नव्हत्या. चिडून सांगत होत्या, आणि चिडल्या होत्या त्या स्वतःवर.

मी म्हणाले, यावर उपाय आहे. आदल्या रात्री मी निवेदन लिहून आणलं होतं. 'विहीर आमच्या मालकीची आहे' असं पहिलंच वाक्य, खाली सहीला जागा. आजवर लिहिलेल्या निवेदनांतलं ते सगळ्यात चांगलं होतं. अक्कांनी मुलाकडून वाचून घेतलं. पूर्ण ऐकलं. मग कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि डुगडुगणाऱ्या बाकड्याच्या पायाखाली सारली. बाकडं स्थिर झालं.

"मालकीची म्हणून सही करू? मग बाबूची न्हाय ऱ्हायली की. आणि माझ्या बापानं काय केलं मग?"

मुलगा हसला. मलाही हसावं लागलं. वडिलांच्या छापखान्यात जन्मल्यापासून कागदावर एवढी चोख टीका मी ऐकली नव्हती.

हक्क मागायचा तर 'आमचं' म्हणावंच लागतं, हे मला पाठ होतं. पण 'आमचं' म्हणताना आपण कुणाला तरी कुंपणाबाहेर ढकलतो का, हे मी कधी तपासलं नव्हतं. तांबडमाळनं एका लोखंडी कड्यावर त्याचा निकाल लावला होता. मी सरपंचांना तिथूनच फोन केला. म्हणाले, मालक नसला तर नसू दे, पण विहीर वापरात आहे असं दिसलं तर मी हात लावणार नाही, ग्रामसभेतच तसं सांगेन. पाणी काढणारी माणसं दाखव. मी म्हणाले, उद्या दाखवते. अक्का तोवर पिशवी भरायला लागल्या होत्या.

पुन्हा माळावर

गुरुवारी पहाटेच्या एसटीनं निघालो. माझी स्कूटर मलकापुरातच ठेवली. कंडक्टर अक्कांना म्हणाला, मावशी, तो दोर सीटखाली टाका. अक्कांनी त्याला पाहिलं आणि त्यानं विषय सोडला. कोल्हापुरात गाडी बदलली, फाट्यावर उतरलो. निरोप मिळालेले बाबूमामा आधीच येऊन उभे होते, खांद्यावर जुना हातोडा. तो कशाला आणला, विचारलं नाही. रिक्षा मिळत असून ते रुळांच्या बांधावरून चालत आले, त्या मापाच्या पावलांनी, आणि मधे दोनदा वाकून काहीतरी उचललं. अक्का रिक्षात, मी बाबूमामांच्या मागं चालत. मला ती पावलं याही वेळी जमली नाहीत.

अक्का फलाटावर उतरल्या तेव्हा त्यांनी घरांकडं पाहिलं नाही. सरळ विहिरीवर गेल्या. पिशवीतून पितळेची घागर काढली, पानं बाजूला होतील असा दोर दोनदा हलवला आणि सोडला. वर ओढताना बाबूमामा हात लावायला पुढं झाले तर त्यांना हटकलं.

"थांब तम्मा. तुझी पाळी यायचीय."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. कागदावर कुठल्या रकान्यात बसवणार हे नातं?

घागर वर आली. त्यांनी ओंजळीत घेऊन चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, हाय तसंच हाय, चुनखडीचं. मग मागं वळल्या आणि दोर पुढं केला. या वेळी मागं माणूस होता. बाबूमामांनी दोन्ही हातांनी घेतला.

सरपंच तोवर आले होते, गाडीवरच बसून बघत होते. बाबूमामांनी पाणी काढलं, तोंड धुतलं आणि वळले. त्यांच्या मागं मी उभी होते. पण त्यांनी माझ्यावरून नजर पुढं नेली आणि दोर सरपंचांपुढं धरला.

हे तेच खालचं गाव होतं. सरपंचांच्या आज्यानं त्या दिवशी विहिरीवर काय केलं असेल, ते मला माहीत नाही आणि त्यांनाही नसेल. बाबूमामा तसेच उभे. हात पुढं, दोर हातात. धरून उभं राहायचं हा नियमच होता, आणि त्या म्हाताऱ्याला जन्मभर चालायची आणि वाट बघायची सवय. सरपंचांनी फोन पाहिला, खिशात टाकला, इकडंतिकडं पाहिलं. मग गाडीवरून उतरले आणि दोर घेतला.

घागर सोडताना त्यांचा हात चुकला, ती भिंतीवर आपटली. अक्का म्हणाल्या, सरपंच, निवडणुकीत बरा हात चालतो तुझा. ते हसले, पुन्हा सोडली, ओढली. पाणी काठावर आलं. पांढरा शर्ट भिजला. आता दोर त्यांच्या हातात होता आणि तो खाली ठेवता येत नव्हता, हे त्यांना एव्हाना कळलं होतं.

अक्कांनी तेव्हा विचारलं, "आता सांग. विहीर कुणाची?"

"माझी न्हाय की," सरपंच चटकन म्हणाले.

बाबूमामा एवढ्या मोठ्यानं हसले की पारवे उडाले.

"हेच सांगितलं हुतं आम्ही चावडीत," अक्का म्हणाल्या. "तू लिवून घेतलंस."

सरपंचांनी हातातलं कडं फिरवून पाहिलं. मग स्वच्छ बोलले, आणि त्यांची ही बाजू मी जशीच्या तशी मांडते. म्हणाले, मला पटलं, पण माझ्या एकट्याच्या पटण्यानं ठराव मागं जात नाही. गोदाम पाहिजे म्हणणारी माणसं सभेत बसलेली असतील. दोन म्हातारी आणि एक पत्रकवाली याला वापर म्हणत नाहीत. रांग दाखवा. रांग दिसली तर काठाला कठडा आणि वर जाळी मी स्वतः बसवून घेतो. एवढं बोलून त्यांनी दोर माझ्या हातात दिला.

जड होता, आणि ओला. मी पाणी काढलं. हाताला दोन फोड आले. मागं वळले तर मागं कुणी नव्हतं.

अक्का काठावर बसून गुडघे चोळत होत्या. पंचवीस वर्षांनी त्यांचे हात रिकामे होते. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "आता तू बघ."

दोर सध्या मंगळवार पेठेत आहे. पहिल्या रात्री आमच्याकडं होता. दुसऱ्या दिवशी मी समोरच्या घरात नेऊन दिला, ज्या घराशी आमचं नळावरून तीन वर्षं बोलणं नव्हतं. त्यांनी का म्हणून विचारलं, सगळं सांगितलं, त्यांनी घेतला. काल तो गल्लीच्या टोकाला होता.

महिनाअखेरीच्या ग्रामसभेआधी एक रविवार येतो. त्या रविवारी सकाळी नऊ वाजता तांबडमाळला या. सांगली रस्त्यावरच्या फाट्यावरून आत आलात की ऊस संपेल तिथून सरळ जाणारा बांध दिसेल. त्यावर गाडी घालू नका, चालत या. घरून कळशी आणा. दोर आणू नका, दोर आहे. तुमच्या पुढं उभा असलेला माणूस तो तुमच्या हातात देईल. त्याची जात, गाव, पक्ष विचारू नका. पाणी काढा, वळा, आणि मागच्याच्या हातात द्या. मागं कुणी नसेल तर धरून उभे राहा.

आणि तिथं कुणी कागद घेऊन आलं आणि विहीर कुणाची असं विचारलं, तर दोर ज्याच्या हातात असेल त्याच्याकडं बोट दाखवा.